समोरच्याचा आवाज

काचेपलीकडून दिग्दर्शिका बाईंनी बटण दाबलं आणि त्यांचा आवाज त्याच्या दोन्ही कानांत एकदम आला, "सर, एक सांगायचं राहिलंच. या मालिकेत नायक तुमच्याकडे नाही. तुम्ही तो दुसरा." एवढंच. बोलून त्यांनी बटण सोडलं आणि शेजारच्या साउंड इंजिनियरशी काहीतरी हसत बोलू लागल्या. बटण सुटल्यामुळे त्या कशाला हसल्या ते त्याला ऐकू आलं नाही आणि ऐकू न आलेलं हसू त्याने मुकाट्याने स्वतःवर ओढून घेतलं. समोरच्या स्टँडवर संवादांचे कागद होते. खोलीत शिरल्या शिरल्या, नेहमीच्या सवयीने, त्याने नायकाच्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारायला सुरुवात केली होती, दीड पान मारूनही झालं होतं. आता त्या रेघांचं काय करायचं ते त्याला सुचेना. कुणी मेलं नव्हतं, कुणी काढून टाकलं नव्हतं, मिळायचे ते पैसे मिळणारच होते. तरी पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं त्याला झालं.

वीसेक वर्षं तो परदेशी मालिकांतल्या नायकांना आपल्या भाषेत आवाज देत आला होता. रूप म्हणाल तर कुठल्याही रांगेत मागून तिसरा उभा असावा असा माणूस, पोट सुटलेलं, टाळू उघडी पडलेली. पण तोंड उघडलं की ऐकणारा मान वर करी. इमारतीचा रखवालदार त्याला हिरो म्हणायचा आणि तो दर वेळी "काहीतरीच काय" म्हणत खूश व्हायचा. या कामात सहसा कुणी कुणाला भेटत नाही. जो तो आपल्या वेळेला येतो, या फोम चिकटवलेल्या, स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू यावा इतक्या मुक्या खोलीत एकटा उभा राहतो, पडद्यावरच्या ओठांवर आपले शब्द बसवतो आणि निघून जातो. दुसऱ्या कुणाचे संवाद आधी होऊन गेले असतील तर ते कानातल्या हेडफोनवर ऐकू येतात, म्हणजे उत्तर देणं सोपं जातं. त्याला मात्र ते नको असे. हेडफोन चढवताना त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "समोरच्याचं बंद करा." समोरच्याच्या बोलण्याने आपली लय बिघडते असं त्याचं म्हणणं. त्याच्या इतक्या नायकांनी इतक्या दुष्टांना खडसावलं, पण त्या दुष्टांचं म्हणणं काय होतं ते त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. कागदावर वाचलं असेल, तेही आपलं वाक्य कुठे सुरू होतं ते पाहण्यापुरतं.

या मालिकेत एक बंदर होतं. बाहेर समुद्रात एक जहाज येऊन उभं राहिलेलं, त्यावर साथीचा रोग. नायकाची बायको त्या जहाजावर. आणि हा दुसरा म्हणजे बंदराचा अधिकारी, जहाजाला आत येऊ न देणारा. पहिलंच वाक्य होतं, "जहाज आत येणार नाही." त्याने घसा खाकरला, आवाज छातीतून खाली पोटात उतरवला, त्यात थोडी खरखर मिसळली आणि ते वाक्य असं म्हटलं की खोलीतला फोमसुद्धा शहारावा. बाईंनी मान हलवली. पुन्हा. त्याने वाक्य सावकाश म्हणून पाहिलं, दातांतून म्हणून पाहिलं, शेवटी एक बारीकसं हसू जोडून पाहिलं. बाई काचेमागे कपाळ चोळत होत्या. मग त्या बटण दाबून म्हणाल्या, "सर, तुम्ही वाईट माणूस बोलताय. मला बंदरावरचा अधिकारी हवाय."

"खलनायकच आहे ना तो?"

"नायकाच्या दृष्टीने. त्याला स्वतःला कुठे माहितीये? तुम्हाला माहितीये, हीच अडचण होतेय. वाक्य बोलायच्या आधीच तुम्ही त्याला शिक्षा देऊन मोकळे होता." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "आज राहू दे. कागद घरी न्या. नायकाचं रेकॉर्डिंग झालंय, तेही पाठवते, ते ऐका. परवा सकाळी बघू. नाहीच जमलं तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. भल्या होत्या. आणि इंजिनियर, ज्याला त्याची सवय पाठ होती, तो मध्येच म्हणाला, "या वेळी समोरच्याचं चालू ठेवा, सर."

तो बाहेर पडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रोज ज्या कोपऱ्यावर तो रिक्षा करायचा तिथे न थांबता तो चालत सुटला आणि चालताना आपण कुणावर तरी चिडलोय हे त्याच्या लक्षात आलं, पण कुणावर ते नेमकं सापडेना. बाईंवर चिडावं तर त्या गोड बोलल्या होत्या. नायकाचं काम करणाऱ्या त्या नव्या पोरावर चिडावं तर त्याला त्याने पाहिलेलंही नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं, पण म्हणीतही जीव नव्हता. चुकत असेल तर आवाजाचंच चुकत असेल. पन्नाशी ओलांडली की आवाजही खाली उतरतो, पायऱ्यांवरून उतरावा तसा, एकेक. ओठांतल्या ओठांत तो म्हणत होता, जहाज आत येणार नाही, जहाज आत येणार नाही, आणि सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या बाईने आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. लोक आपल्याला घाबरतील असं त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघून हसून दाखवलं, तर ती आणखी सरकली.

घरी बायकोने चहा पुढ्यात ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "डॉक्टर येऊन गेले. आईंचं हृदय थकलंय म्हणाले. घाबरायचं कारण नाही, पण ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घेतलेलं बरं, असं म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, अहो? मराठीतच बोलले ते." ती समोर बसली. "दादांना कळवायला हवं."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घरात सगळेच त्याला दादा म्हणत, आईसुद्धा, आणि आईसाठी हा अजूनही बाळ. गेली सहा-सात वर्षं या घरात ते नाव घ्यायचं तर आधी आजूबाजूला बघून घेतलं जाई. "आईने बोलावलंय का त्याला?" त्याने विचारलं.

"त्या कशाला बोलावतील?"

"मग तिच्या मनात नसेल."

बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यालाही एक आवाज होता आणि इतक्या वर्षांत तो त्याला ओळखता यायला हवा होता. तो आईच्या खोलीत गेला. आईला आता डोळ्यांनी फारसं दिसत नसे. खिडकीचा चौकोन दिसे, दारात कुणी उभं राहिलं तर सावली दिसे, बाकी सगळा कारभार कानांवर. त्याने विचारलं, "आई, बरं वाटतंय ना? काही हवंय?" तेही आपल्या त्या भरदार, धीर देणाऱ्या आवाजात. आई म्हणाली, "नाही रे बाळ. सगळं आहे." तिने नेहमी हेच उत्तर दिलं होतं आणि त्याने नेहमी ते खरं मानलं होतं.

दादा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. लहानपणी खेळात दादा कायम चोर व्हायचा, कारण याला चोर केलं की हा भोकाड पसरायचा. चोर होऊन दादा पलंगाखाली लपायचा, पकडला जायचा, हात मागे बांधून घ्यायचा. एवढा मोठा दाढी फुटू लागलेला मुलगा, पण तक्रार नाही. पुढे तो अग्निशमन खात्यात तपासनीस झाला. इमारतींचे जिने मोजायचे, बाहेर पडायच्या वाटा बघायच्या आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचं. या नाट्यगृहाला परवानगी नाही, त्या शाळेचा वरचा मजला बंद. लोक त्याला शिव्या देत घरापर्यंत येत. हा तेव्हा कॉलेजात नाटकांतून टाळ्या घेत होता आणि मित्रांना सांगायचा, आमच्या दादाला नाही म्हणण्याचा पगार मिळतो. मित्र हसायचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, पण यांच्या घरात बाब्याही घरचाच आणि कार्टंही घरचंच. कुणी कुठला भाग करायचा ते कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे त्याला आठवत नव्हतं. आठवायची गरज पडली नव्हती. चांगला भाग वाट्याला आलेल्याला कशाला आठवतंय.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेली, आई जेवून पडली आणि तो बाहेरच्या खोलीत कागद घेऊन येरझाऱ्या घालू लागला. आधी त्याने बाईंनी पाठवलेलं नायकाचं रेकॉर्डिंग लावायचं म्हणून मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. सवयीचा हात तो. मग अधिकाऱ्याची वाक्यं मोठ्याने म्हटली. खुर्चीवर बसून म्हटली, भिंतीला टेकून म्हटली. प्रत्येक वेळी तोंडातून तोच रंगवलेल्या मिशांचा माणूस बाहेर पडायचा. एकदा त्याला स्वतःचंच हसू आलं, एकदा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशासाठी हे कळेना. घसा कोरडा पडला. कोमट पाणी प्यायला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती पिंपिंपिं करत होती, ती थांबेपर्यंत तो थांबला. शेवटी कंटाळून तो पलंगाच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले, खांदे सैल सोडले आणि कुठलाही आवाज काढायचा नाही असं ठरवून, नुसतं सांगून टाकायचं म्हणून म्हणाला, "हं. जहाज आत येणार नाही."

तो हं कागदावर नव्हता. तो दादाचा होता. नाही म्हणायच्या आधी दादा नेहमी एक छोटासा हं करायचा, जड पिशवी खाली ठेवताना करावा तसा. आणि वाक्याच्या शेवटी आवाज चढवायच्या ऐवजी उतरवायचा. त्याने पुढचं वाक्य म्हटलं. नायक ओरडतो, त्या जहाजावर शंभर माणसं आहेत. त्यावर अधिकारी, "बाहेर शंभर आहेत. आत सगळं गाव आहे." दादाच बोलला. दमलेला, शांत, समोरच्याकडे न बघता हातातल्या किल्ल्यांकडे बघत बोलणारा दादा. आपण आजवर इतक्या आवाजांची नक्कल केली, पण हा आवाज आपल्या गळ्यात तयार बसला होता आणि आपण त्याला कधी वर येऊ दिलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला उठावंसं वाटलं, पण उठला नाही.

आणि मग तो हॉस्पिटलातला बोळ. तो आठवायचा नाही असं त्याने ठरवलं नव्हतं. उलट तो फार वेळा आठवायचा, पण स्वतःच्या जागेवरून. वडिलांना तेव्हा पुन्हा श्वासाची नळी घालायची की नाही असा प्रश्न होता. दोनदा घालून झाली होती, काढून झाली होती. तो रेकॉर्डिंगवरून धावत आला, गळ्यात अजून एका नायकाची शेवटची झुंज ताजी होती. तोवर दादाने डॉक्टरांना नको म्हणून सांगून टाकलं होतं. बोळात काका, आत्या, आतेभाऊ, सगळे उभे. तो जे बोलला ते अजूनही आत्या लोकांना सांगते, कारण ते ऐकण्यासारखं होतंच. शेवटपर्यंत लढायचं असतं, तो म्हणाला. तू थकलास म्हणून त्यांनी मरायचं का, म्हणाला. तू त्यांचा जीव घेतलास, म्हणाला. माइक नव्हता, तरी बोळाच्या टोकाच्या नर्सने वळून पाहिलं. दादा बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. तो काय म्हणाला? काहीतरी म्हणाला होता खास. ओठ हलले होते. त्याला आता तो चेहरा स्वच्छ दिसत होता, ओठांची उघडझाप दिसत होती, त्यावर शब्द बसवण्यात तर त्याची हयात गेली होती, पण आवाज येत नव्हता. त्याने त्या वेळी समोरच्याचं बंद करून ठेवलं होतं. वडील तिसऱ्या दिवशी गेले. नंतर दादा एकदा दाराशी आला तेव्हा यानेच उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, आईला त्रास होतो. दादा हं म्हणाला आणि जिना उतरला.

तो पुन्हा कागदाकडे वळला, कारण कागदाकडे न वळता तिथे बसणं अवघड झालं होतं. "दिसतात मला माणसं," तो दादाच्या आवाजात म्हणाला. "दिसतात, म्हणूनच नाही म्हणतोय. कुणीतरी म्हणायला हवं." आणि भिंतीपलीकडून आई म्हणाली, "दादा? कधी आलास रे?"

तिच्या आवाजात असं काही होतं जे त्याने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. तरुण वाटला तो आवाज. तो उठून तिच्या दारात गेला. सांगणार होता, मी आहे, काम करत होतो. आई पलंगावर कुशीवर होती, पडदा ओढलेला, ती नुकती झोपेतून वर आलेली. दारातल्या सावलीकडे तोंड करून तिने हळू आवाजात विचारलं, "बाळ नाहीये ना घरात?"

तो क्षण त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवणार होता. खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नाही. त्याला फक्त आपला स्वतःचा आवाज त्या खोलीत काढवेना. "हं," तो म्हणाला. "नाहीये."

"मग बस जरा."

तो पायथ्याच्या खुर्चीवर बसला, हात जवळ घेऊन, चुकून तिचा हात लागू नये म्हणून.

"मला वाटलं, तूही रागावलास."

"रागावलो नाही."

"रागावला असतास तरी काय बिघडलं असतं. सगळं तुझ्यावरच आलं." आई थोडा वेळ श्वास घेत राहिली. "यांनीच सांगितलं होतं मला, आता पुन्हा नळी नको म्हणून. हात धरून सांगितलं. मी तुला सांगितलं, आणि तू जाऊन डॉक्टरांना सांगितलंस. माझं नावही घेतलं नाहीस. मी तिथेच होते रे बाकावर तुझ्या शेजारी. तो एवढं बोलला, आणि मी गप्प."

त्याने काहीतरी विचारायला हवं होतं. दादाने काय विचारलं असतं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून स्वतःचंच विचारलं, आवाज तेवढा दादाचा ठेवून. "त्याला का नाही सांगितलंस? नंतर तरी?"

"कधी सांगू? तो बोलायला लागला की मला काही सुचत नाही. ऐकायला फार छान वाटतं त्याचं बोलणं. पण मध्ये शिरायला जागा कुठे असते?" ती जराशी हसली. "वाईट नाहीये तो. जीव लावतो मला. औषध, पाणी, सगळं हातात. पण इतक्या चांगल्या माणसापुढे बोलायची चोरी होते रे. आपण म्हणावं काही, आणि त्याचं मन मोडायचं."

खाली ती गाडी पुन्हा पिंपिंपिं करत होती. आई म्हणाली, "परत येशील?"

"येईन."

"कधी?"

"रविवारी." तो का रविवार म्हणाला त्यालाच कळलं नाही.

"रविवारी बाळ घरी असतो," आई म्हणाली, आणि तिच्या स्वरात लहान मुलीची भीती होती, आपलं चोरून ठेवलेलं काही सापडेल अशी. "तो घरात नसताना ये. त्याला कळू देऊ नकोस."

तो बरं म्हणून उठला. बाहेरच्या खोलीत आला, दार उघडलं, दादा गेला असं वाटावं म्हणून पुन्हा लावलं, आणि चपला न घालताच जिन्यात उभा राहिला. शेजारच्या घरातली मुलगी वर येत होती, ती म्हणाली, "काका, किल्ली विसरलात?" तो हो म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि सोबत एक घाणेरडी गोष्ट होत होती, तो आत कुठेतरी दादाच्या त्या आवाजाची पकड सुटू नये म्हणून जपत होता. परवा, नव्हे उद्या, रेकॉर्डिंग होतं. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

संध्याकाळी बायको आल्यावर तो आईला चहा द्यायला तिच्याबरोबर आत गेला आणि सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आई, दुपारी कुणी आलं होतं का? दार वाजल्यासारखं वाटलं."

"कोण येणार?" आई म्हणाली. "झोपले होते मी." आणि बशीत चहा ओतून प्यायला लागली. तिचा आवाज कुठे हलला नाही, कुठे घाई झाली नाही, शब्दावर नको इतका भार पडला नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस तो, त्याला खोटं बोलणं ओळखता येतं. आई खोटं बोलतेय हे माहीत असूनही त्याला ते आवाजात सापडलं नाही, इतकं ते सफाईदार होतं. एवढी सफाई एका दिवसात येत नाही. ती किती वर्षं त्याच्यापुढे असं बोलत असेल, नाही रे बाळ, सगळं आहे. कथेत असं एक पात्र असतंच, ते खोलीत आलं की बाकीचे बोलणं थांबवतात आणि चेहरे नीट करतात. त्या पात्राला काय म्हणतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने चहा तसाच ठेवला. बायकोने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही," आणि आपण आईसारखंच बोललो हे त्याला जाणवलं.

सकाळी स्टुडिओत हेडफोन चढवून तो म्हणाला, "समोरच्याचं चालू ठेवा." इंजिनियरने काचेमागून अंगठा दाखवला. मग त्या नव्या पोराचा आवाज कानांत आला. चांगला होता, अगदी नाकाने कांदे सोलूनही खोड काढता येऊ नये इतका चांगला. स्वच्छ, तळमळीचा, प्रत्येक वाक्याला छाती पुढे. तुम्हाला हृदय आहे की नाही? माझी बायको आहे त्या जहाजावर! तो ऐकत राहिला. पहिल्यांदाच तो दुसऱ्या बाजूला उभा राहून हे ऐकत होता, आणि इथून ते सगळं वेगळं ऐकू येत होतं. हा माणूस इतका वेळ बोलतोय, इतकं खरं बोलतोय, आणि याने अजून एकदाही विचारलं नाही. तुमचं कुणी आहे का त्या जहाजावर, एवढं विचारायला काय हरकत होती. त्याला नायकाचा राग नाही आला. कीव आली, आणि थोडी ओळखही पटली. आपली वेळ आली तेव्हा त्याने हात गुडघ्यांच्या जागी स्टँडवर ठेवले आणि कागदावर नसलेला हं करून वाक्यं सांगून टाकली. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले तिथे त्याचे मिटले. मग बाई म्हणाल्या, "हाच. हाच माणूस. कुठून आणलात?" त्याने उत्तर दिलं नाही. त्यांना वाटलं, नम्रपणा.

खाली जिन्याच्या वळणावर उभं राहून त्याने फोन काढला. दादाचा नंबर त्याने कधी काढून टाकला नव्हता. काढून टाकायलाही तो बघावा लागला असता. घंटी वाजत असताना त्याने काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, चांगलं जुळलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. पलीकडून दादा म्हणाला, "बोल." आवाज म्हातारा झाला होता. त्याने कालपासून जो गळ्यात जपला होता तो दादा सहा-सात वर्षांपूर्वीचा निघाला.

जुळवलेलं सगळं त्याने सोडून दिलं. "आईचं हृदय थकलंय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, भेटून घ्या."

तो थांबला. थांबणं त्याला जमत नसे, मध्ये जागा दिसली की तो भरून काढायचा. या वेळी त्याने ओठ मिटून ठेवले आणि कठड्याचं लोखंड घट्ट धरलं. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "तुला चालेल?"

"काल तू येऊन गेलास असं तिला वाटतंय. मी काम करत होतो. तुझा आवाज काढत होतो. तिने हाक मारली आणि मी..." त्याला पुढचं म्हणता येईना. "रविवारी परत येतो म्हणून सांगून गेलायस तू."

"मी?"

"हो."

"बरं." दादाने ते जिने मोजावेत तसं शांतपणे मनात मोजलं असावं. "मग ती काय म्हणाली?"

हे सांगायलाच हवं होतं असं नाही. तो म्हणू शकला असता, खूश झाली, वाट बघतेय, आणि ते खोटंही ठरलं नसतं. "तिने मला सगळं सांगितलं. नळीचं. बाबांनी तिला काय सांगितलं होतं ते," तो म्हणाला. "आणि म्हणाली, बाळ घरात नसताना ये. त्याला कळू देऊ नकोस."

पलीकडे दादा नाक ओढत होता. मग तो छोटासा हं आला.

"मग रविवारी तू कुठे जाशील?" दादाने विचारलं.

"खाली थांबेन. रस्त्यावर. तुमचं बोलून झालं की जा तू, मग मी येईन वर."

"रस्त्यावर कशाला? बायकोला घेऊन कुठेतरी जाऊन ये," दादा म्हणाला, आणि मग जरा थांबून, "पण फार लांब जाऊ नकोस."